कॅलेंडरवरचे आठवडे: वयात आलेल्या मुलीचे हक्क, सोप्या भाषेत

आमच्याकडे मुलीला पहिली पाळी आली की म्हणतात, "पोरगी शहाणी झाली." सोलापूरच्या पूर्व भागातल्या काही तेलुगू घरांत अजूनही तिला पाटावर बसवून ओवाळतात, गोडधोड करतात. मराठी घरांत आजी तिला बाजूला घेते आणि कशाला शिवायचं नाही, कुठे जायचं नाही ते सांगते. शहाणी झाली म्हणतात खरं, पण तिच्या शरीरात नेमकं काय सुरू झालंय हे तिला त्या दिवशी कुणी सांगत नाही. पुढेही सांगत नाही.

मी शहरातल्या आणि दक्षिण सोलापूर, मोहोळ, अक्कलकोट भागातल्या शाळांमध्ये मुलींशी बोलायला जाते. जाताना बुटांचा रिकामा खोका नेते, त्याच्या झाकणाला फट पाडलेली असते. मुली त्यात चिठ्ठ्या टाकतात. नाव लिहायचं नसतं. "अंगावरून पांढरं जातं, हा रोग आहे का?" "पाळीत लोणच्याला हात लावला तर खरंच नासतं का?" "लग्न झाल्यावर दहावीचा फॉर्म भरता येतो का?" आणि जवळजवळ दर वेळी, कधी पेन्सिलीने, कधी वहीच्या कोपऱ्याएवढ्या कागदावर: "पाळी किती दिवस चुकली तर घाबरायचं?"

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण या विषयावरचा आपला कायदा शेवटी दिवस मोजण्यावर उभा आहे. मुलीला हक्क आहेत, लोकांना वाटतात त्यापेक्षा पुष्कळ आहेत. पण त्यातला मोठा भाग ठरावीक तारखेपर्यंतच सोपा असतो, आणि आपल्या घरांत नेमक्या त्याच तारखा लपवाछपवीत जातात.

मी आठवीत असताना आमच्या बाईंनी प्रजननाचा धडा "घरी वाचा, परीक्षेला येत नाही" म्हणून सोडून दिला होता. घरी तो कुणी वाचून दाखवणार नव्हतं. म्हणून इथे आधी शरीराचं बोलते, मग कायद्याचं.

पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं ती घड्याळासारखी येत नाही. दोन पाळ्यांमध्ये २१ पासून ४५ दिवसांपर्यंत अंतर असलं तरी या वयात ते चालतं. सात दिवसांहून जास्त रक्त जात असेल, तासा-दोन तासाला पॅड बदलावा लागत असेल किंवा तीन महिने पाळीच आली नसेल, तर दवाखान्यात जायचं. पांढरं पाणी जाणं बहुतेक वेळा नैसर्गिक असतं. त्याला वास येत असेल, खाज असेल, रंग बदलला असेल तर दाखवायचं. लोणचं नासत नाही.

रक्त कमी असणं हा मात्र खरा प्रश्न आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आढळलं. या वयात हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं की ते कमीच. शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी यासाठीच असते, आणि वर्षातून दोनदा दिली जाणारी जंताची गोळीही. बऱ्याच मुली निळी गोळी खिडकीतून टाकतात, कारण मळमळतं. उपाशीपोटी घेऊ नका, जेवून घ्या. आणि आपल्याकडे जेवणावर लगेच चहा प्यायची जी सवय आहे ती त्या दिवशी तरी सोडा, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू पिळलेली डाळ किंवा भाजी मदत करते.

सरकारचं या वयासाठी वेगळं धोरण आहे, हेही फार जणींना माहीत नसतं. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला. वय १० ते १९. शाळेत जाणारी, शाळा सुटलेली, लग्न झालेली, न झालेली, सगळ्या त्यात येतात. मोठ्या सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुलामुलींसाठी वेगळी खोली आणि समुपदेशक असावा असं त्यात ठरलं आहे. दवाखान्यातले लोक त्याला अजून जुन्या नावाने "अर्श क्लिनिक" म्हणतात. केस पेपर काढताना तेवढंच म्हणा. पाळीचं काय दुखतंय ते खिडकीपाशी रांगेत ओरडून सांगायची गरज नाही. सोलापुरात आणखी एक गरज आहे ती भाषेची. अक्कलकोटकडची मुलगी घरी कन्नड बोलते, विणकराच्या घरातली तेलुगू, आणखी कुणी उर्दू. पाळीबद्दलचे शब्द माणूस आपल्या आईच्या भाषेत शिकतो किंवा कुठेच शिकत नाही. समुपदेशकाला यातल्या दोन भाषा तरी याव्यात, असं मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते.

आठवडे कसे मोजतात

आता कॅलेंडर काढा. भिंतीवर दूधवाल्याचे खाडे लिहायला असतं तेच.

समजा, एका मुलीची शेवटची पाळी १ जूनला सुरू झाली. शाळा उघडायच्या जरा आधी. शरीरसंबंध १५ जूनच्या आसपास आला. २९ जूनला पाळी यायला हवी होती, आली नाही. तिला वाटतं, झालेच असतील तर दोन आठवडे झालेत. डॉक्टर म्हणतात, चार आठवडे. कारण डॉक्टर आणि कायदा दोघेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. संबंध कधी आला, गर्भ कधी राहिला, यावरून नाही. हा दोन आठवड्यांचा फरक मी दर वेळी फळ्यावर लिहून दाखवते, कारण मोठ्या बायकांचाही इथे गोंधळ होतो.

याच हिशेबाने ३ ऑगस्टला नऊ आठवडे पूर्ण होतात. तोवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनी गर्भपात करता येतो. १९ ऑक्टोबरला २० आठवडे होतात, म्हणजे दसरा-दिवाळीचे दिवस. १६ नोव्हेंबरला २४ आठवडे, साधारण दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा पुन्हा रुळावर येते तेव्हा.

जूनमध्ये पाळी चुकलेली मुलगी काय करते? आधी वाट पाहते, कारण तिची पाळी तशीही पुढेमागे होते. मग एका मैत्रिणीला सांगते. मैत्रीण म्हणते, पपई खा. गणपती येतात आणि जातात. नवरात्रात आईच्या लक्षात येतं की घरातलं फडकं किंवा पॅड वापरलेलं नाही. आई मारते, रडते, बापाला सांगत नाही. मग कुणीतरी ओळखीने मेडिकलमधून गोळ्या आणतं. हे सगळं एकाच मुलीचं नाही, बऱ्याच जणींकडून तुकड्या-तुकड्यांनी ऐकलेलं आहे. पण दवाखान्याच्या पायरीशी येईपर्यंत दिवाळी आलेली असते, हे त्यांतल्या बहुतेकींचं सारखं आहे.

मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्या धोक्याच्या का? गोळी वाईट नाही, डॉक्टर तीच देतात. पण किती आठवडे झालेत, गर्भ पिशवीतच आहे की नळीत, मुलीचं रक्त किती आहे, हे न बघता घेतली तर रक्तस्राव थांबत नाही किंवा गर्भपात अर्धवट राहतो. ज्या मुलीचं हिमोग्लोबिन आधीच आठ-नऊ आहे तिच्यासाठी हे जिवावरचं काम आहे. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी वेगळी. ती गर्भ राहू नये म्हणून असते, राहिलेला गर्भ ती काढत नाही, आणि ती चिठ्ठीशिवाय मिळते. लोक दोन्हींना "ती गोळी" म्हणतात आणि घोटाळा तिथे होतो.

पाळी चुकल्यावर आठवड्याभरात लघवीची तपासणी करा. आशाताईकडे त्यासाठी "निश्चय" किट मोफत असतं. हे मी मुलींना सांगते आणि त्यांचे चेहरे बघते. आशाताई गावातलीच असते, कुणाची काकू, कुणाची मावशी. तिच्याकडे जायचं म्हणजे अख्ख्या गल्लीत जाहीर करणं, असं त्यांना वाटतं. ही भीती खोटी नाही. किट दवाखान्यातूनही मिळतं, आणि मेडिकलमध्ये स्वस्तात.

गर्भपाताचा कायदा काय देतो

गर्भपात हा गुन्हा आहे, असं अजून पुष्कळांना वाटतं. मुलगा-मुलगी निवडीविरुद्धच्या जाहिराती इतकी वर्षं बघून लोकांच्या डोक्यात दोन कायदे एकमेकांत मिसळले आहेत. गर्भाचं लिंग तपासणं हा गुन्हा. गर्भपात मात्र १९७१ च्या कायद्याने, ठरलेल्या अटींत, मान्यताप्राप्त दवाखान्यात आणि पात्र डॉक्टरांकडून, कायदेशीर आहे. "पिशवी साफ करून घेणं" किंवा "क्युरेटिंग" अशा आडवळणाच्या शब्दांआड लपवण्यासारखं त्यात काही नाही.

अटी अशा. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांच्या दरम्यान दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ही मुदत काही ठरावीक स्त्रियांनाच मिळते. त्यांत अठरा वर्षांखालच्या मुली येतात, बलात्कार झालेल्या येतात, गर्भ असतानाच विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या येतात, अपंग स्त्रिया येतात. ही २४ आठवड्यांची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने आली. त्याच दुरुस्तीत कायद्यातला "विवाहित स्त्री आणि तिचा पती" हा शब्दप्रयोग बदलून "स्त्री आणि तिचा जोडीदार" असा झाला. पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर २०२२ ला, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की लग्न झालं नाही या कारणावरून कुणाला हा हक्क नाकारता येणार नाही.

सही कुणाची लागते? अठरा पूर्ण झालेल्या बाईला फक्त तिची स्वतःची. नवऱ्याची लागत नाही, सासूची लागत नाही. काही दवाखाने तरीही मागतात, ते कायद्यात नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. पण इथे "पालक" या शब्दाची कायद्यातली व्याख्या बघा: जिच्या देखभालीखाली ती मुलगी आहे अशी व्यक्ती. आईवडील साखर कारखान्याच्या फडावर गेलेत आणि मुलगी आजीकडे राहते, तर आजी पालक होऊ शकते. मावशी होऊ शकते. "वडिलांना आणा, नाहीतर होणार नाही" असं सांगून परत पाठवल्याच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत, आणि प्रत्येक परत पाठवण्यात दोन-तीन आठवडे जातात.

पालकाची संमती लागते याचा अर्थ मुलीची लागत नाही असा नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रातल्याच एका १४ वर्षांच्या मुलीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. गर्भ जवळजवळ ३० आठवड्यांचा होता, मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी नाकारली होती, सर्वोच्च न्यायालयाने दिली. पुढे तिच्या जिवाच्या काळजीने आईवडिलांचं मत बदललं आणि न्यायालयाने तो आदेश मागे घेतला. त्या निकालात न्यायालयाने लिहून ठेवलं आहे की गर्भवती व्यक्तीची संमती सर्वांत वरची, आणि अल्पवयीन मुलीचं मत पालकांपेक्षा वेगळं असेल तर तिच्या मताला महत्त्व द्यावंच लागेल. ज्या घरात मुलीला भाजी कुठली करायची हेही विचारत नाहीत, तिथे हे वाक्य फार मोठं आहे.

नाव फुटण्याची भीती सगळ्यांत मोठी. कायद्यात गर्भपाताची नोंदवही गोपनीय असते. डॉक्टरांनी किंवा कर्मचाऱ्यांनी नाव फोडलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आणि मग पोक्सो

इथे गुंता सुरू होतो. सावकाश वाचा.

पोक्सो म्हणजे मुलामुलींना लैंगिक अत्याचारापासून वाचवण्यासाठीचा २०१२ चा कायदा. तो म्हणतो की अठरा वर्षांखालची व्यक्ती लैंगिक संबंधाला संमती देऊच शकत नाही. तिने हो म्हटलं असलं तरी कायद्याच्या नजरेत तो अत्याचार. त्याआधी हे वय सोळा होतं. मुलीला गर्भ राहिला तर गुन्हा अधिक गंभीर धरला जातो आणि किमान शिक्षा आता २० वर्षं आहे. याच कायद्याचं १९ वं कलम सांगतं की असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळेल त्याने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे. डॉक्टरांनी, शिक्षकांनी, माझ्यासारखीनेही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना यातून वगळलं आहे, म्हणजे गुपित माहीत असलेल्या तिच्या वर्गमैत्रिणीला शिक्षा होत नाही.

आता तीन मुली डोळ्यांसमोर आणा. तिघीही सोळा वर्षांच्या, तिघींनाही दिवस गेलेले. पहिलीवर चुलत्याने जबरदस्ती केली आहे. दुसरीचं गल्लीतल्या सतरा वर्षांच्या मुलावर प्रेम आहे. तिसरीचं गेल्या वैशाखात लग्न झालं. मुलींच्या आयुष्यात या तीन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पोक्सोच्या पुस्तकात तिन्ही एकच. पहिलीचा चुलता आरोपी, दुसरीचा मित्र बाल न्याय मंडळापुढे, तिसरीचा नवरा आरोपी. नवऱ्याचं आश्चर्य वाटलं असेल, पण सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ लाच सांगितलं की अठरा वर्षांखालच्या पत्नीशी संबंध हा बलात्कारच. नव्या भारतीय न्याय संहितेतही अठरा हेच वय आहे.

पहिल्या मुलीसाठी हा कायदा इतका कडक हवाच. घरातला माणूस गुन्हेगार असतो तेव्हा घर गप्प बसतं, आणि ते गप्प बसणं मोडायला कुणावर तरी सक्ती लागते. दुसऱ्या मुलीसाठी मात्र हीच सक्ती दवाखान्याचं दार बंद करते. तिला कळतं की डॉक्टरकडे गेलं की पोलीस येणार आणि तो मुलगा अडकणार. म्हणून ती जात नाही आणि आठवडे वाढतात. सरकारला कायद्यातले बदल सुचवणाऱ्या विधी आयोगाने २०२३ च्या अहवालात वय कमी करायला नकार दिला, पण सोळा ते अठरामधल्या परस्परसंमतीच्या प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायाधीशांना मोकळीक असावी असं सुचवलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात दोष कायम ठेवूनही त्या माणसाला तुरुंगात न पाठवण्याचा निर्णय दिला, कारण त्या मुलीला गुन्ह्यापेक्षा नंतरच्या यंत्रणेनेच जास्त सोसायला लावलं होतं. माझं मत मी स्पष्ट सांगते. जवळच्या वयाच्या मुलामुलींसाठी कायद्यात वेगळी वाट हवी, आणि ती न्यायाधीशाच्या दयेवर सोडता कामा नये.

तोवर काय? तोवर सर्वोच्च न्यायालयाच्या, वर सांगितलेल्या २०२२ च्या गर्भपाताच्या निकालातली एक गोष्ट प्रत्येक डॉक्टरला आणि प्रत्येक आईला माहीत असायला हवी. अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली, तर पोलिसांना माहिती देताना डॉक्टरांना मुलीचं नाव आणि ओळख सांगण्याची गरज नाही. माहिती द्यायची, नाव गाळायचं. ही विनंती आपणहून करावी लागते, म्हणून ती केस पेपर काढतानाच करा. शक्यतो लेखी करा.

पोलिसांत जायचं ठरलं तरी मुलीला काही हक्क आहेत. जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशात नाही. तिला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. तपासणी महिला डॉक्टरने, मुलीचा विश्वास असलेल्या माणसासमोर करायची. "दोन बोटांची चाचणी" न्यायालयाने केव्हाच बंद केली आहे, ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरतो. तातडीचे उपचार आधी, कागद नंतर: एफआयआरची प्रत मागून उपचार थांबवता येत नाहीत, आणि अत्याचार झालेल्या मुलीवर सरकारी काय, खासगी दवाखान्यानेही मोफत प्रथमोपचार आणि उपचार करायला हवेत. ७२ तासांच्या आत पोचली तर गर्भ आणि एचआयव्ही दोन्ही टाळण्याची औषधं देता येतात. अत्याचार झालेल्यांसाठी राज्य सरकारची मनोधैर्य योजना आहे, तिच्यातल्या मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं. वकील परवडत नसेल तर १५१०० हा विधी सेवेचा नंबर आहे, मोफत.

वर्तमानपत्रं अशा मुलीला "कुमारी माता" म्हणतात. सोळा वर्षांच्या मुलीला ना कुमारी म्हणून ओळखावं, ना माता म्हणून. ती अकरावीतली मुलगी आहे.

तिसरी मुलगी

तिच्याबद्दल जास्त बोलावं लागेल, कारण सोलापूर जिल्ह्यात ती सगळीकडे आहे. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण देशात २३ टक्के आणि महाराष्ट्रात २२ टक्क्यांच्या आसपास होतं. सोलापूर जिल्ह्यात ते सुमारे ४० टक्के निघालं. राज्याच्या जवळजवळ दुप्पट. ज्या जिल्ह्यात इतके साखर कारखाने आहेत, पंढरपूरसारखं संतांचं गाव आहे, गिरण्यांच्या काळापासून कामगार चळवळ आहे, त्या जिल्ह्यात.

का होतं? "अडाणी लोक" हे उत्तर मला मान्य नाही. ऊसतोडीत मजुरी जोडीला मिळते, नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीवर मिळते. मुलाचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो. दुसऱ्या बाजूला मुलीचे आईबाप सहा महिने फडावर जाणार असतात, वयात आलेली पोर मागे कुणाकडे ठेवायची? तिसरं कारण शाळा. आठवीनंतर किंवा दहावीनंतर गावात शाळा नाही. एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत मोफत आहे, पण संध्याकाळची गाडी आली नाही तर अंधार पडतो, आणि एकदा अंधार पडला की लोक बोलतात. लहान मुलीला हुंडा कमी, हे चौथं. या चारही गोष्टींवर उपाय आहेत, आणि "जनजागृती"ची फेरी त्यांत येत नाही. गाडी वेळेवर सोडणं येतं. फडावर गेलेल्यांच्या मुलींसाठी चालू वसतिगृह येतं.

कायदा २००६ चा आहे. मुलीचं वय १८, मुलाचं २१. लग्न लावणाऱ्याला, ठरवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. अशा लग्नात सहभागी होणाराही त्यात येतो, म्हणजे नुसता अक्षता टाकायला गेलेला पाहुणासुद्धा. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. लग्नाआधी न्यायालयाचा मनाई हुकूम मिळाला आणि तरी लग्न लावलं, तर ते लग्न मुळातच रद्द. मनाई हुकूम नसेल तर झालेलं लग्न आपोआप रद्द होत नाही, पण मुलीला ते रद्द करून घेता येतं, वयाची वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत. लग्न रद्द झाल्यावर तिचं दुसरं लग्न होईपर्यंत पोटगी, राहायची सोय हे हक्कही कायद्यात आहेत, आणि झालेलं मूल कायदेशीर मूल असतं.

पण लग्न झालेली सोळा वर्षांची मुलगी दवाखान्यात येते कशी, ते बघा. वय अठरा-एकोणीस सांगून. नाहीतर येतच नाही. नवऱ्यावर पोक्सो लागेल ही भीती खरी आहे. "नवरा आत आणि पोर पदरात" कुणाला हवंय? म्हणून तिची नोंद उशिरा होते, रक्त उशिरा तपासलं जातं, रक्तदाब बघितला जात नाही. आणि या वयातल्या बाळंतपणात झटके येणं, जंतुसंसर्ग होणं, बाळ कमी दिवसांचं आणि कमी वजनाचं होणं, हे धोके विशीतल्या बाईपेक्षा जास्त असतात. जिला सगळ्यांत जास्त तपासण्या हव्यात ती सगळ्यांत कमी तपासली जाते. तिला मूल नको असेल तर? तिला गर्भपाताचा हक्क बिनलग्नाच्या मुलीएवढाच आहे. हे तिला कुणी सांगत नाही, कारण लग्न झालं म्हणजे पोर होणारच, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं.

१८८५ च्या सुमारास मुंबईत रखमाबाईंनी, अकराव्या वर्षी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. न्यायालयाने १८८७ मध्ये सांगितलं, जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंग. पुढे त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा झालं तेव्हा आपल्याच प्रांतात केवढं रण माजलं होतं. एकशे चाळीस वर्षं आपण मुलीच्या वयावर भांडतो आहोत, आणि अजून मुलीला विचारत नाही.

२४ आठवडे उलटले तर

तेव्हा दार बंद होत नाही, पण अरुंद होतं. गर्भात गंभीर व्यंग असेल तर सरकारी वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकतं. आईचा जीव तातडीने वाचवायचा असेल तर आठवड्यांची अट नाही. बाकी सगळ्यांना उच्च न्यायालयात जावं लागतं. ऑगस्ट २०२५ पर्यंत सोलापूरच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. आता कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्याकडे आहे. न्यायालय वैद्यकीय मंडळाला मुलीची तपासणी करून अहवाल द्यायला सांगतं. तेवढ्यात आणखी आठवडा जातो. म्हणून २२-२३ आठवड्यांची मुलगी समोर आली, तर "सोमवारी या" म्हणणं गुन्ह्याइतकंच वाईट आहे. त्याच दिवशी विधी सेवा प्राधिकरणाला फोन लावायला हवा.

मागच्या थंडीत एका शाळेत खोका उघडला तेव्हा तळाशी चौकोनी घडी घातलेली चिठ्ठी निघाली. "माझ्या मैत्रिणीचं लग्न ठरलंय. ती नववीत आहे. मी फोन केला तर तिच्या घरच्यांना माझं नाव कळेल का?" वर्गात पन्नासेक मुली होत्या. कुणी लिहिलं ते मी शोधलं नाही. मी सगळ्यांना मिळून उत्तर दिलं: १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असतो. मुलीचं नाव, गाव आणि लग्नाची तारीख सांगायची. फोन करणाऱ्याने स्वतःचं नाव सांगावं लागत नाही.